संडरलँडला नवीन येताय? मग आधी हे वाचा

संडरलँड युनिव्हर्सिटीची ऑफर आली किंवा इकडे हॉस्पिटलमध्ये, निस्सानच्या एखाद्या सप्लायरकडे जॉब लागला की घरचे पहिलं विचारतात, हे गाव नक्की आहे कुठे, आणि बहुतेक जण न्यूकॅसलचं नाव सांगून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. संडरलँड हे न्यूकॅसलचं उपनगर नाही. विअर नदी जिथे नॉर्थ सीला मिळते तिथे वसलेलं हे स्वतंत्र शहर आहे, वॉशिंग्टन, हॉटन वगैरे आजूबाजूची गावं धरून २०२१ च्या जनगणनेत साधारण २ लाख ७४ हजार वस्ती, १९९२ साली राणीने सिटीचा दर्जा दिलेला, आणि त्याआधी शंभर-दीडशे वर्षं इथे एवढी जहाजं बांधली गेली की जगातलं सगळ्यात मोठं जहाजबांधणीचं गाव आमचंच असं इथले लोक छातीठोकपणे सांगायचे. आता ते सगळे यार्ड बंद आहेत. हे माहीत नसताना आलात तर नदीकाठच्या मोकळ्या जागा बघून गाव उदास वाटेल आणि तुम्ही दर शनिवारी मेट्रो पकडून न्यूकॅसलला पळाल. माहीत असेल तर त्याच मोकळ्या जागांमधून इथली माणसं कळायला लागतात, म्हणून खाली घर-बँक-किराणा सगळं सांगतेच आहे पण मधली नदीची पायरी गाळू नका.

पायरी १ : निघायच्या आधी

आता पासपोर्टबरोबरचं ते प्लास्टिकचं कार्ड नसतं, ई-व्हिसा असतो, म्हणजे यूकेव्हीआयचं, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याचं, ऑनलाइन अकाउंट उघडून त्याला पासपोर्ट जोडावा लागतो आणि घरमालक, नोकरी देणारे सगळे त्यातूनच निघणारा शेअर कोड मागतात. हे अकाउंट भारतात असतानाच चालू करून बघा, फोन नंबर बदलल्यावर ओटीपी अडकला की फार धावपळ होते. टॉट म्हणजे शिकवणीवाल्या मास्टर्सला येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, जानेवारी २०२४ पासून त्या कोर्सवर नवरा-बायको-मुलांना डिपेंडंट म्हणून आणता येत नाही, एजंट काहीही म्हणो.

सामानात साजूक तूप, पेढे, खव्याचं काही आणू नका. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात आणि आईने केलेलं तूप असं जाताना बघवत नाही. त्याऐवजी गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, सुक्या चटण्या आणा, कारण हेच इकडे सहज मिळत नाही. बाकी डाळ-तांदूळ सगळं मिळतं, त्यावर वजन घालवू नका.

कपड्यांचं म्हणाल तर थंडीपेक्षा वारा जास्त आहे. पाऊस आपल्या कोकणाच्या मानाने काहीच नाही, पण तो आडवा येतो आणि छत्री दोन मिनिटांत उलटी होते, त्यामुळे छत्री नको, टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या. जाड जॅकेट भारतातून आणायची गरज नाही, इकडे चॅरिटी शॉपमध्ये चांगली मिळतात.

पायरी २ : पोचणं

लंडनला उतरून वर येण्यापेक्षा जमलं तर थेट न्यूकॅसल एअरपोर्टचं तिकीट काढा, मुंबईहून दुबईमार्गे एमिरेट्स येते. एअरपोर्टच्या दारातच मेट्रोचं स्टेशन आहे आणि ग्रीन लाइनची गाडी न बदलता तासाभरात तुम्हाला संडरलँडला सोडते. २००२ पासून मेट्रो इथपर्यंत येते. सिटी कॅम्पससाठी युनिव्हर्सिटी नावाचं स्टेशन, नदीपलीकडच्या सेंट पीटर्स कॅम्पससाठी सेंट पीटर्स, आणि बसेस पकडायच्या असतील तर पार्क लेन. बऱ्याच स्टेशनांवर गेट नाही म्हणून कुणी तिकीट न काढता चढतात, ते करू नका, चेकर येतात आणि दंड जबरदस्त आहे.

लंडनहून येत असाल तर किंग्ज क्रॉसवरून न्यूकॅसल तीनेक तास, पुढे मेट्रो अर्धा तास. ग्रँड सेंट्रलच्या काही गाड्या थेट संडरलँडलाच येतात, वेळ जास्त लागतो पण दोन मोठ्या बॅगा घेऊन बदलाबदली वाचते. रेलकार्ड आल्या आल्या काढा, एक तृतीयांश सूट मिळते, आणि २५ च्या पुढचे फुलटाइम स्टुडंटही ते १६-२५ वालं कार्ड काढू शकतात हे कित्येकांना माहीतच नसतं.

पायरी ३ : घर

भाडं न्यूकॅसलपेक्षा कमी आहे हे खरं, पण म्हणून फोटो बघून पैसे पाठवू नका. पहिले काही आठवडे युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये म्हणजे हॉस्टेलमध्ये किंवा ओळखीच्या कुणाकडे काढा आणि घर डोळ्यांनी बघून घ्या.

एरियाचं ढोबळ गणित असं. सिटी कॅम्पसला चालत जायचं तर मिलफिल्ड, थॉर्नहिल, ॲशब्रूक. ॲशब्रूक झाडीचं आणि जुन्या मोठ्या घरांचं, जरा महाग. हेंडन स्वस्त आहे, गल्ली-गल्लीत फरक पडतो, त्यामुळे दिवसा आणि संध्याकाळी दोन्ही वेळा चक्कर मारून ठरवा. नदीच्या उत्तरेला रोकर, सीबर्न, फुलवेल, इथून समुद्र चालत आणि मेट्रोही जवळ, फॅमिलीवाल्यांना मी हेच सुचवेन. निस्सानकडे कामाला असाल तर वॉशिंग्टन बरं, पण तिकडे मेट्रो नाही आणि गाडीशिवाय कंटाळा येतो.

मिलफिल्ड, पॅलियन, फुलवेलकडे तुम्हाला एकमजली बुटक्या घरांच्या लांबच लांब रांगा दिसतील, त्यांना संडरलँड कॉटेजच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात यार्डातल्या कारागिरांसाठी बांधलेली, आणि इंग्लंडमध्ये बाकी ठिकाणी कामगार दुमजली घरात भाड्याने राहत असताना इथल्या कित्येक कुशल कामगारांनी ही छोटी घरं स्वतःच्या मालकीची केली होती. मला या घरांचं फार कौतुक आहे. दार थेट रस्त्यावर, मागे छोटं अंगण, जिना नाही, आईवडील महिनाभर राहायला आले तर गुडघ्यांचा प्रश्नच नाही. फक्त जुनी आहेत म्हणून ओल बघून घ्या, बेडरूमचे कोपरे, खिडकीखालची भिंत, कपाटाच्या मागची बाजू, आणि नुकताच रंग दिलेला असेल तर जास्तच नीट बघा. मीटर प्रीपेड आहे का तेही विचारा.

डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घेतल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या. चावी मिळाल्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून एजंटला ईमेल करा. फुलटाइम स्टुडंट असाल तर काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, माफ, पण तो आपोआप माफ होत नाही, युनिव्हर्सिटीचं पत्र काउन्सिलला द्यावं लागतं. घरात एकजण जरी नोकरीवाला असला तर गणित बदलतं, त्यामुळे कुणाबरोबर राहताय हे आधी ठरवा.

पायरी ४ : पहिल्या आठवड्यातली कामं

जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवणं हे सगळ्यात आधी, आजारी पडायची वाट बघू नका. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून परत पाठवलं तर शांतपणे सांगा की नियमाने तो लागत नाही. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलेलाच असतो, त्यामुळे डॉक्टरचे पैसे नाहीत, औषधाला मात्र प्रत्येक आयटममागे जवळपास १० पाउंड पडतात. रात्री-अपरात्री काय करावं कळत नसेल तर १११ ही एनएचएसची म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची हेल्पलाइन, जिवावरचं असेल तर ९९९, मोठं हॉस्पिटल म्हणजे केल रोडवरचं संडरलँड रॉयल.

बँक अकाउंट, सिम, नॅशनल इन्शुरन्स नंबर हे सगळं ऑनलाइन होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. पण कामाबद्दल लिहायलाच हवं. डिग्री लेव्हलच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, आणि ॲपवर जेवण पोचवायचं डिलिव्हरीचं काम हे सेल्फ-एम्प्लॉयमेंट धरलं जातं, ते स्टुडंट व्हिसावर चालतच नाही. दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन सायकल मारणारी आपली पोरं मी बघितली आहेत आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते, कारण पकडले गेले तर कोर्स, व्हिसा, घरचं कर्ज सगळंच पणाला लागतं. हॉटेल, केअर होम, सुपरमार्केट, स्टेडियमवरचं मॅचडेचं काम, हे पगारी जॉब शोधा, वेळ लागतो पण मिळतात.

पायरी ५ : एक अख्खा दिवस नदीकाठाने चाला

हे पहिल्या महिन्यातच करा, हवा कोरडी असेल असा रविवार बघून. पैसे लागत नाहीत, पायात चांगले बूट हवेत.

सुरुवात मोब्रे पार्कपासून. स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. पार्कातल्या टेकाडावर एक पुतळा आहे, जनरल हेन्री हॅवलॉक, १७९५ ला इथे बिशपविअरमाउथमध्ये जन्मला. १८५७ च्या जुलैत कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवून पुढे लखनौकडे गेलेला हाच तो माणूस, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौलाच वारला. अंदमानातलं ज्याला आता स्वराज द्वीप म्हणतात ते हॅवलॉक बेटही याच्याच नावाचं होतं. आपण शाळेत ज्या बाजूने तो इतिहास वाचला त्याच्या बरोबर उलट्या बाजूला मी उभी आहे ही जाणीव मला त्या पुतळ्याखाली पहिल्यांदा झाली, तुम्हालाही होईल, दोन मिनिटं थांबा तिथे.

त्याच पार्कात एका आईचं स्मारक आहे, मांडीवर गेलेलं लेकरू. १६ जून १८८३ ला जवळच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी करमणुकीचा शो होता, शेवटी स्टेजवरून बक्षिसं वाटायला लागले तशी वरच्या गॅलरीतली मुलं जिन्यावरून खाली धावली आणि खालचं दार थोडंसंच उघडं राहील असं अडकवलेलं होतं, १८३ मुलं चेंगरून गेली, सगळी ३ ते १४ वर्षांची. त्यानंतर सार्वजनिक हॉलची दारं बाहेरच्या बाजूला सहज उघडली पाहिजेत ही गोष्ट देशभर गांभीर्याने घेतली गेली. आज सिनेमागृहात आडवा दांडा ढकलून दार उघडतं ते बघितलं की मला हा पार्क आठवतो.

पार्काला लागूनच म्युझियम आणि विंटर गार्डन्स. आत काचेखाली उष्ण प्रदेशातली झाडं वाढवली आहेत, जानेवारीत इथे केळीच्या पानाजवळ उभं राहिलं तरी बरं वाटतं. म्युझियमचा जहाजांचा आणि काचेचा भाग नीट बघा, पुढच्या चालण्याला उपयोगी पडतो.

तिथून हाय स्ट्रीट वेस्टला जा आणि मान वर करून चाला, कोपऱ्यावर एक इमारत दिसेल जिच्यावर पाठीवर चहा घेतलेले छोटे छोटे हत्ती आहेत. एलिफंट टी रूम्स. १८७० च्या दशकात फ्रँक कॉज नावाच्या आर्किटेक्टने एका चहाच्या व्यापाऱ्यासाठी बांधलेली, भारतीय आणि गॉथिक अशी दोन्ही वळणं मिसळून. इथून कोळसा आणि जहाजं बाहेर जायची आणि तिकडून आपल्याकडचा चहा यायचा, तो व्यापार एका भिंतीवर बसलेला आहे.

पुढे कील स्क्वेअर, इथे पायाखालच्या दगडात रेघ आहे आणि तिच्यावर विअरकाठी बांधलेल्या हजारो जहाजांची नावं कोरलेली. त्याच्या पुढची मोकळी आणि आता नवीन इमारती उभ्या राहणारी जागा म्हणजे व्हॉक्स ब्रुअरी, १९९९ ला बंद झाली, वर्षानुवर्षं तशीच पडून होती, आता तिथे २०२१ पासून सिटी हॉल आहे. तिथूनच नदीवरून पलीकडे पायी जायला कील क्रॉसिंग हा नवा पूल झालाय, २०२५ मध्ये उघडला. पुलावर मध्ये थांबून खाली बघा, दोन्ही काठ उंच आणि मधून नदी खोल गेलेली, या एवढ्याशा वळणावळणाच्या नदीत शेजारी शेजारी यार्ड होते आणि जहाजं कधीकधी आडवी पाण्यात सोडावी लागायची. उजवीकडे हिरवा लोखंडी विअरमाउथ ब्रिज दिसतो तो १९२९ चा, पण त्या जागी पहिला लोखंडी पूल १७९६ लाच झाला होता.

पलीकडे स्टेडियम ऑफ लाइट. या मैदानाखाली मंकविअरमाउथची कोळशाची खाण होती, जिचं काम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालू झालं आणि जिची भुयारं शेवटी समुद्राच्या तळाखाली कित्येक मैल गेली होती. डिसेंबर १९९३ ला ती बंद झाली, डरहमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खोल खाण. १९९७ ला त्याच जागी स्टेडियम उभं राहिलं. बाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याचं मोठं शिल्प आहे, ते का आहे हे आता सांगायला नको.

मग सेंट पीटर्स चर्च. हे आवर्जून बघा कारण इथे आपण थेट ६७४ सालात जातो. बेनेडिक्ट बिस्कप नावाच्या साधूने हा मठ स्थापला आणि खिडक्यांना काच बसवायला त्याने समुद्रापलीकडून, आजच्या फ्रान्सच्या बाजूने कारागीर आणले, कारण तेव्हा इंग्लंडमध्ये ते काम येणारं कुणी नव्हतं. त्या वेळची पश्चिमेची भिंत आणि दरवाजाची कमान अजून उभी आहे. पुढे इंग्लंडचा इतिहास लिहिणारा बीड हा साधू सात वर्षांचा असताना याच मठात सोडला गेला होता. काचेचा धंदा नंतर इथे पुन्हा रुजला आणि तेराशे वर्षांनी त्याच गावात जॉब्लिंगच्या कारखान्यात पायरेक्सची भांडी बनत होती, तुमच्या आजीच्या कपाटातही एखादं असेल. तो कारखाना २००७ ला बंद झाला. नदीकाठच्या १९९८ च्या नॅशनल ग्लास सेंटरची इमारतही युनिव्हर्सिटीने बंद करायचं ठरवलं आणि त्यावरून गावात केवढं वाजलं, सह्यांच्या मोहिमा झाल्या. बाहेरच्याला वाटेल एका इमारतीसाठी एवढं काय, पण ६७४ पासूनचा धागा म्हटल्यावर लोकांना लागणारच.

हे सेंटर आणि युनिव्हर्सिटीचा सेंट पीटर्स कॅम्पस ज्या जमिनीवर आहे तिथे जे. एल. थॉम्प्सन यांचं नॉर्थ सँड्स यार्ड होतं. १९४० मध्ये सिरिल थॉम्प्सन इथलं साधं, पटकन बांधता येणारं मालवाहू जहाजाचं डिझाइन घेऊन अमेरिकेला गेले आणि त्यातूनच लिबर्टी जहाजं निघाली, अमेरिकेने ती २,७१० बांधली, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचं पोट त्यावर भरलं. लेक्चर संपल्यावर कॅम्पसच्या बाकावर बसून सँडविच खाणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

शेवटचे यार्ड १९८८ ला बंद झाले. ऑर्डर नव्हत्या, जपान-कोरियाशी स्पर्धा झेपेना, आणि सरकारने हात काढून घेतला, पण इथली म्हातारी माणसं अजून म्हणतात की विअरला जगता आलं असतं. निस्सानचा कारखाना दोन वर्षं आधी, १९८६ ला सुरू झाला होता, आज तो देशातला सगळ्यात मोठा कारचा कारखाना आहे. एकाच गावाने हे दोन्ही दोन वर्षांत पाहिलं.

चालत राहा, मरीना ओलांडली की रोकरचा बीच आणि पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला धक्का. पिअर १९०३ चा, टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लाइटहाउस, ते पट्टे रंगवलेले नाहीत, दगडच दोन रंगांचा आहे. हवा वाईट असेल तर पिअरचं गेट बंद करतात, बंद असेल तर उडी मारून जाऊ नका, लाटा पिअरच्या वरून जातात. पुढे सीबर्नपर्यंत वाळू. इथे फिश अँड चिप्स खा आणि सीबर्न मेट्रोवरून घरी या. पोहायचं असेल तर उन्हाळ्यात लाइफगार्ड असतात तेव्हाच, आणि तेव्हाही पाणी आपल्या कल्पनेपेक्षा फार गार असतं.

पायरी ६ : फुटबॉल

तुम्हाला फुटबॉल आवडो न आवडो, मॅच कधी आहे हे माहीत हवं. घरच्या मॅचला जवळपास ४९ हजार लोक बसू शकतील असं मैदान आहे, त्या दिवशी मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. क्लब १८७९ चा, लाल-पांढरे पट्टे, १९७३ ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना लीड्सला १-० हरवून एफए कप जिंकला, त्या गोलच्या इयान पोर्टरफिल्डचं आणि गोलकीपर जिम मॉन्टगोमेरीच्या त्या सेव्हचं नाव काढलं की कुणीही तुमच्याशी अर्धा तास बोलेल. २०१७ ला प्रीमियर लीगमधून खाली गेले, तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरले आणि २०२५ ला परत वर आले. त्या सगळ्या वाईट वर्षांतही हजारोंनी लोक मैदानात यायचे, त्यावरून गाव कसं आहे ते समजा. काळा-पांढरा पट्ट्यांचा शर्ट म्हणजे न्यूकॅसल, तो इथे घालून फिरू नका. आणि इथल्या माणसाला जॉर्डी म्हणू नका, ते न्यूकॅसलचे, हे मॅकम.

मुलगी असेल आणि खेळणारी असेल तर इथल्या मुलींच्या फुटबॉलची चौकशी करा, ल्युसी ब्राँझ, जिल स्कॉट, बेथ मीड या सगळ्या संडरलँडमधून पुढे गेल्या.

पायरी ७ : किराणा आणि जेवण

मिलफिल्ड आणि हेंडनच्या बाजूला बांगलादेशी आणि पाकिस्तानी दुकानं आहेत, हिरवी मिरची, कोथिंबीर, भेंडी, आटा, तूरडाळ मिळते. जाडे पोहे आणि साबुदाणा कधी असतात कधी नसतात. मोठी खरेदी महिन्यातून एकदा न्यूकॅसलच्या वेस्ट रोडकडे करा, तिथेच हिंदू मंदिर आहे, त्यामुळे दर्शन आणि किराणा एका फेरीत होतं. गणपती, दिवाळीला टाइन-विअर-डरहम भागातले मराठी लोक एकत्र येतात, आल्या आल्या दोन-तीन जणांना विचारून व्हॉट्सॲप ग्रुपवर जा.

इथलं खाणंही खाऊन बघा. स्टॉटी नावाचा जाड गोल पाव आणि पीज पुडिंग, म्हणजे शिजवून घोटलेल्या वाटाण्याच्या डाळीचा घट्ट गोळा. शाकाहारी लोकांनो, पीज पुडिंग कधीकधी हॅमच्या पाण्यात शिजवतात म्हणून आधी विचारून घ्या, मग स्टॉटीत ते आणि वर आपली लसणाची चटणी, फार छान लागतं.

पायरी ८ : माणसं

इथली माणसं पटकन बोलतात, बसस्टॉपवर, रांगेत, कुठेही, दुकानातल्या बायका लाडाने पेट म्हणून हाक मारतात. बोली आधी समजत नाही, परत सांगा म्हटलं तर कुणी रागवत नाही.

पण एक गोष्ट लपवणार नाही. २ ऑगस्ट २०२४ ला साउथपोर्टला लहान मुलींवर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर देशभर जे दंगे उसळले त्यात इथेही सेंटरमध्ये दंगल झाली, जाळपोळ झाली, पोलीस जखमी झाले. आपल्यासारख्या दिसणाऱ्या लोकांना ते दिवस घरात काढावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले शेकडो लोक झाडू आणि पिशव्या घेऊन रस्ते साफ करायला आले. दोन्ही गोष्टी याच गावच्या आहेत आणि घरच्यांनी विचारलं तर दोन्ही सांगा. रात्री उशिरा एकट्याने सेंटरमधल्या पबच्या रस्त्यावरून जाणं टाळा, कुणी शिवीगाळ केली तर उत्तर न देता तिथून निघा आणि पोलिसांना १०१ वर कळवा, कळवणं महत्त्वाचं आहे, नोंद नाही झाली तर ते घडलंच नाही असं होतं.

पायरी ९ : हिवाळा

डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. सांगून समजत नाही पण आधी माहीत असलं तर धक्का कमी बसतो. व्हिटॅमिन डीची गोळी घ्या, आपल्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर घ्यावी असं एनएचएसच सांगतं, दिवसाला १० मायक्रोग्रॅम. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा, दहा मिनिटं का होईना. वसंतात समुद्रावरून गार धुकं आत येतं, त्याला इथे फ्रेट म्हणतात, दोन मैल आत ऊन आणि रोकरला काही दिसत नाही असं होतं, तेव्हा बीचवर जाताना जॅकेट सोडू नका. याचा मोबदला जूनमध्ये मिळतो, रात्री पावणेदहापर्यंत उजेड.

पायरी १० : आजूबाजूला

पेन्शॉ मॉन्युमेंट सगळ्यात आधी, टेकडीवरचं ग्रीक देवळासारखं काळवंडलेलं बांधकाम, १८४४ चं, डरहमच्या पहिल्या अर्लच्या आठवणीत. बसने जाता येतं, वरून सगळा विअरचा पट्टा समुद्रापर्यंत दिसतो, आणि पायथ्याचं हेरिंग्टन पार्क म्हणजे पूर्वीची खाण. दक्षिणेला ट्रेनने एकच स्टेशन सीहम, तिथल्या जुन्या बाटल्यांच्या कारखान्याची फेकलेली काच समुद्राने घासून गुळगुळीत खड्यांसारखी किनाऱ्यावर येते, ओहोटीच्या वेळा बघून जा आणि मुलांना न्या. बीमिश हे उघड्यावरचं म्युझियम महाग वाटेल पण दिवस अपुरा पडतो, जुन्या ट्रामपासून खाणीपर्यंत सगळं चालू स्थितीत आहे. डरहम कॅथेड्रलला बस जाते, बीडची समाधी तिथे आहे.

आणि क्रिकेटवाल्यांनो, डरहम काउंटीचं रिव्हरसाइड ग्राउंड चेस्टर-ल-स्ट्रीटला आहे, बेन स्टोक्सचं होम ग्राउंड, संडरलँडहून बस आहे. काउंटीचे चार दिवसांचे सामने तिकिटाला स्वस्त असतात, डबा घेऊन दिवसभर बसता येतं. मॅचची तारीख एप्रिलमधली असेल तर थर्मल घालून जा.